मुंबई सिटीचे मोसमाअखेरचे मानकरी आणि राहुल भेके (फुटबॉल चाहत्यांच्या मंचावरील चर्चा, २०२४)

अंधेरीकर

कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ४ मे २०२४ रोजी मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ असे हरवून आपल्या मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक दुसऱ्यांदा घरी आणला. त्यानंतर पुरस्कारांचे दिवस आले, आणि आता तेही सरले आहेत. लीगच्या यादीत फुर्बा लाचेंपाला सर्वोत्तम गोलरक्षकाचा गोल्डन ग्लव्ह मिळाला, विक्रम प्रताप सिंगला उदयोन्मुख खेळाडूचा मान मिळाला, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लालियनझुआला छांगतेला सलग दुसऱ्या वर्षी सर्वोत्तम पुरुष खेळाडू ठरवले. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मोहन बागानच्या दिमित्री पेट्राटोसकडे गेला आणि सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट केरला ब्लास्टर्सच्या दिमित्री दियामंताकोसकडे.

आपल्या या तिन्ही खेळाडूंच्या निवडीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. फुर्बाचा ग्लव्ह तर मला विशेष प्रिय आहे, कारण ८ मार्च २०२१ ची ती उपांत्य लढत मी विसरू शकत नाही. एफसी गोवाविरुद्ध दोन सामने मिळून २-२ अशी बरोबरी होती, जादा वेळही संपत आला होता, आणि पेनल्टी शूटआउटच्या तोंडावर प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी कर्णधार अमरिंदरला बाहेर बोलावून सिक्कीमच्या या तरुण पोराला गोलमध्ये उभे केले. आपण ६-५ असे जिंकलो. त्या रात्री काही मिनिटांसाठी मैदानात आलेला तो मुलगा तीन वर्षांनी संपूर्ण लीगमधला सर्वोत्तम गोलरक्षक ठरतो, यात त्याच्या चिकाटीचे चीज झाले असे मी मानतो.

तरीही ही यादी वाचताना मला सारखे एक नाव आठवत राहते, आणि ते कुठल्याच रकान्यात नाही. राहुल भेके आपला कर्णधार होता. तो मुंबईत जन्मला, मुंबई एफसीकडून खेळला, नंतर बेंगळुरूला जाऊन मोठा झाला आणि २०२१ मध्ये आपल्याकडे परतला. बचावात कधी उजव्या बाजूला, कधी मध्यभागी, जिथे माणूस कमी पडेल तिथे तो उभा राहिला. लीगच्या २२ सामन्यांत आपण केवळ १९ गोल खाल्ले, जे सर्व संघांत सर्वांत कमी होते. अंतिम सामन्यात ४४ व्या मिनिटाला जेसन कमिंग्जने गोल करून सॉल्ट लेक डोक्यावर घेतले, पण त्यानंतर उरलेल्या संपूर्ण वेळात मोहन बागानला दुसरा गोल करता आला नाही. पेरेरा दियाझ, बिपिन आणि वॉयटुस यांच्या गोलांची चित्रफीत सगळ्यांनी पन्नास वेळा पाहिली असेल. मी मात्र दुसरा अर्धा पुन्हा लावून फक्त आपली मागची फळी पाहिली, आणि हा विषय मांडायचा तेव्हाच ठरवले.

आपल्या संघातील कोणत्या खेळाडूला मान मिळायला हवा होता आणि मिळाला नाही, हे सर्वांनी सांगावे. नुसते नाव नको, कोणत्या सामन्यातल्या कोणत्या कामासाठी, तेही लिहावे.

निळा झेंडा

अंधेरीकर, आपण विषय काढलात ते फार चांगले केले, कारण ही सल २०२१ पासूनची आहे.

२०२०-२१ चा मोसम आठवा. महामारीमुळे सगळी लीग गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या रिकाम्या मैदानांवर झाली. शेवटच्या साखळी सामन्यात आपण मोहन बागानला २-० असे हरवले, दोघांचेही ४० गुण झाले आणि आपसातल्या निकालांवर साखळीत पहिला येणाऱ्या संघाची शील्ड आपल्याकडे आली. मग १३ मार्चला फातोर्ड्यावर त्यांनाच २-१ असे हरवून चषकही घेतला. शील्ड आणि चषक एकाच मोसमात घेणारा तो पहिला संघ ठरला. आणि वैयक्तिक पुरस्कार? गोल्डन बॉल रॉय कृष्णाला, गोल्डन बूट गोव्याच्या इगोर अंगुलोला, सर्वाधिक गोलपासांचा मान गोव्याच्याच अल्बर्टो नोगुएराला, ग्लव्ह मोहन बागानच्या अरिंदम भट्टाचार्यला आणि उदयोन्मुख खेळाडूचा मान नॉर्थईस्टच्या अपुइयाला. आपल्या संघाच्या वाट्याला त्या पाचांतला एकही आला नाही. ज्या गोलरक्षकाला हरवून बिपिनने ९० व्या मिनिटाला चषक जिंकून दिला, त्याच गोलरक्षकाच्या हाती त्या संध्याकाळी गोल्डन ग्लव्ह होता. अरिंदमने तो ग्लव्ह मोसमभराच्या खेळावर मिळवला होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अमरिंदर, फॉल, जाहू, रोलिन बोर्जेस, बूमू, बिपिन अशा संघात वर्षभरात एकही माणूस सन्मानाच्या योग्यतेचा सापडू नये, हे मला तेव्हा पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

त्या अंतिम सामन्यातली एक गोष्ट मी इथे मुद्दाम नोंदवतो. पहिल्या अर्ध्याच्या अखेरीस आपला अमेय राणावडे टक्कर होऊन कोसळला. रिकाम्या मैदानात सगळे आवाज एकदम थांबले, रुग्णवाहिका थेट मैदानात आली आणि दोन्ही संघांचे खेळाडू डोक्याला हात लावून उभे राहिले. मी घरी दूरदर्शन संचासमोर जमिनीवर बसलो होतो आणि माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन "कुणाचा मुलगा आहे रे तो?" असे विचारत होती. अमेय पुढे बरा झाला आणि पुन्हा खेळू लागला, हे आपले भाग्य. तेवीस वर्षांच्या त्या राइट-बॅकने त्या मोसमात जे केले, त्याचा आकडा कोणत्याही तक्त्यात नाही.

म्हणून मी सुचवतो ते पहिले नाव अमेय राणावडे, मोसम २०२०-२१. उशिरा का होईना, ते इथे लिहिले जावे.

कोल्हापूरचा हाफ

दोघांचेही लिखाण मनापासून आवडले. मी मुंबई सिटीचा चाहता असलो तरी माझे फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढले आहे, त्यामुळे या विषयाकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो.

आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ खेळतात आणि एखाद्या चषकाच्या अंतिम सामन्याला पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. तिथल्या बक्षीस समारंभात स्पर्धावीराबरोबरच उत्कृष्ट कीपर, उत्कृष्ट बॅक (बचावपटू), उत्कृष्ट हाफ (मधल्या फळीतला) आणि उत्कृष्ट फॉरवर्ड अशी नावे वेगवेगळी पुकारण्याची पद्धत आहे. रक्कम मोठी नसते, पण बॅकचे नाव पुकारले की त्याच्या तालमीची पोरे जेवढा गुलाल उधळतात, तेवढाच तो फॉरवर्डच्या नावालाही उधळला जातो. लहानपणी मला वाटायचे की जगात सगळीकडे असेच असते. आयएसएल पाहू लागलो तेव्हा कळले की देशाच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये बॅकसाठी आणि हाफसाठी रकानाच नाही.

याचा परिणाम मुलांवर होतो, हे मी स्वतः पाहतो. संध्याकाळी मैदानात उतरणारा प्रत्येक दहा वर्षांचा मुलगा मला फॉरवर्ड व्हायचे म्हणून सांगतो. बॅकला ठेवले की तो रुसतो, आणि त्याच्या वडिलांचाही चेहरा पडतो. मोठ्या स्तरावर मान कुणाला मिळतो, हे ही मुले बरोबर हेरतात.

माझे नाव मी हाफ असल्यामुळे हाफचेच देतो, आणि ते म्हणजे अपुइया. ज्या मुलाला २०२१ मध्ये नॉर्थईस्टकडून उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळाला, तो आपल्याकडे आल्यावर त्याहून कितीतरी चांगला हाफ झाला, पण त्याला पुन्हा पुरस्कार मिळाला नाही. उदयोन्मुख असताना दखल घेतली जाते आणि माणूस पूर्ण उमलला की तो दिसेनासा होतो, हे कसे? त्याचे काम पाहायचे असेल तर चेंडूकडे पाहू नका. आपला राइट-बॅक पुढे धावला की अपुइया न सांगता चार पावले उजवीकडे सरकतो आणि ती मोकळी जागा बुजवतो. पुढच्या क्षणी तिथे काही घडत नाही, आणि काही घडत नाही हेच त्याचे कर्तृत्व असते.

आकडेमोड

सर्वांच्या भावनांचा आदर राखून मी थोडा विरोधी सूर लावतो, कारण त्याशिवाय ही चर्चा एकांगी होईल.

पुरस्कार देणाऱ्याला कशाचा तरी आधार लागतो. गोल मोजता येतात, गोलपास मोजता येतात, एकही गोल न खाल्लेले सामने मोजता येतात. २०२०-२१ मध्ये अंगुलो आणि रॉय कृष्णा या दोघांचेही १४ गोल होते, तेव्हा कमी मिनिटे खेळूनही तेवढेच गोल करणाऱ्या अंगुलोला बूट दिला गेला. हा निकष कुणाला आवडो वा न आवडो, तो स्पष्ट होता आणि त्यावर वाद उरला नाही. बचावपटूचे मोजमाप कसे करणार? चेंडू किती वेळा हिसकावला, हा आकडा मोठा असेल तर तो बचावपटू चांगला, की त्याचा संघ सतत दबावाखाली होता म्हणून त्याच्यावर तशी वेळ आली? उत्तम बचावपटू योग्य जागी उभा असतो, त्यामुळे त्याला घसरत जाऊन चेंडू काढावाच लागत नाही. म्हणजे खेळ जितका चांगला, तितका त्याचा आकडा लहान.

दुसरे असे की गोल्डन ग्लव्ह हा नावाने गोलरक्षकाचा असला तरी प्रत्यक्षात तो पाच-सहा जणांचा पुरस्कार आहे. फुर्बाच्या हातात तो आला, त्यात भेके, मेहताब, तिरी यांचा वाटा आहेच. मग वेगळा रकाना कशाला?

तिसरा मुद्दा थोडा कटू आहे. १५ एप्रिल २०२४ रोजी शील्डचा फैसला करणारा सामना याच सॉल्ट लेकवर झाला. आपल्याला बरोबरी पुरली असती, आणि आपण २-१ असे हरलो. मोहन बागान ४८ गुणांवर गेले, आपण ४७ वर राहिलो आणि शील्ड हातची गेली. छांगतेने ८९ व्या मिनिटाला गोल केला, पण तोवर मागच्या फळीने दोन गोल दिले होते. भेकेच्या मोसमाचे मूल्यमापन करताना ४ मे सांगायचा आणि १५ एप्रिल विसरायचा, हे न्यायाचे होणार नाही.

मडगावकर

मी एफसी गोवाचा पाठीराखा. तुमच्या घरच्या चर्चेत पाहुणा म्हणून बोलतो, सांभाळून घ्या.

निळा झेंडा यांनी २०२०-२१ च्या पुरस्कारांत गोव्याची दोन नावे सांगितली. त्यांना वाटते तेवढे सुख आम्हाला त्यातून मिळाले नाही. अंगुलोचा बूट आणि नोगुएराचा मान आमच्याकडे आला, पण उपांत्य फेरीतून आम्ही पेनल्टीवर बाहेर पडलो, आणि निर्णायक पेनल्टी मारणारा रोलिन बोर्जेस हा आमच्याच गोव्याचा मुलगा होता. त्याआधी आमचा खेळाडू कोरो याने २०१७-१८ मध्ये १८ आणि २०१८-१९ मध्ये १६ गोल करून सलग दोनदा बूट आणला, तेव्हा आमच्याकडे असलेल्या बूमूने २०१९-२० मध्ये गोल्डन बॉल आणला. आमचे कपाट वैयक्तिक पुरस्कारांनी भरलेले आहे. आयएसएलचा चषक मात्र त्यात नाही. तुम्ही ज्याला उणीव म्हणता, ती अदलाबदल करून घ्यायला फातोर्ड्याच्या पूर्वेकडच्या स्टँडमधला प्रत्येक माणूस आनंदाने तयार होईल.

पण भेकेबद्दल मी अंधेरीकरांच्या बाजूने उभा आहे, आणि त्याचे कारण माझ्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट फुटबॉल रात्रींपैकी एक आहे. १७ मार्च २०१९, आयएसएलचा अंतिम सामना, आणि मैदान तुमच्या अंधेरीचे. मी मडगावहून रात्रीच्या बसने आलो होतो. बेंगळुरूविरुद्ध नव्वद मिनिटे शून्य-शून्य, जादा वेळेत तेव्हा आमच्याकडे असलेल्या जाहूला लाल कार्ड, तरी आम्ही दहा जणांनी तग धरला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला. गर्दीतून एक माणूस उंच झाला आणि चेंडू डोक्याने खांबाजवळून आत गेला. तो राहुल भेके होता. माझ्या शेजारी केशरी शाल पांघरलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी शाल डोक्यावर ओढून घेतली आणि शिट्टी वाजेपर्यंत ती खाली केली नाही.

पुढे एप्रिल २०२२ मध्ये रियाधला तुमचा संघ आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध एका गोलाने मागे होता. दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ७५ व्या मिनिटाला कॉर्नरवर पुन्हा याच माणसाच्या डोक्याने गोल केला. त्या स्पर्धेच्या गट फेरीत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. आमच्या क्लबने आदल्या वर्षी त्याच स्पर्धेत जीव तोडून बरोबऱ्या मिळवल्या होत्या, त्यामुळे त्या विजयाची किंमत गोव्याला बरोबर कळते. एक बचावपटू, दोन गोल, आणि दोन्ही इतिहासात राहणारे. आकडेमोड यांना मोजायचेच असेल तर हेही मोजावे.

आणि छांगतेबद्दल मी काय सांगू? २४ एप्रिल २०२४ रोजी फातोर्ड्यावर आम्ही नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० असे पुढे होतो. लोक उठून गाड्यांकडे निघाले होते. मग छांगते, विक्रम आणि पुन्हा छांगते, असे सहा-सात मिनिटांत तीन गोल झाले. महासंघाचा पुरस्कार त्याला कशासाठी मिळाला, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

ठाण्याहून

मडगावकर, आपण पाहुणे नाही. मोठ्या मनाने लिहिलेत, त्याबद्दल आभार.

मी सुचवतो ते नाव मेहताब सिंग, आणि सामना १२ मार्च २०२३ चा. त्या मोसमात आपण सलग १८ साखळी सामने हरलो नव्हतो, ४६ गुण आणि ५४ गोल करून शील्ड जिंकली होती, आणि छांगते सुनील छेत्रीनंतर गोल्डन बॉल मिळवणारा दुसरा भारतीय ठरणार होता. उपांत्य फेरीचा पहिला सामना अंधेरीत ०-१ असा गेला. परतीच्या सामन्यात बेंगळुरूने पुन्हा आघाडी घेतली. बिपिनने बरोबरी केली आणि मग ६६ व्या मिनिटाला मेहताबने गोल करून आपल्याला लढतीत जिवंत ठेवले. शूटआउट ८-८ पर्यंत लांबले, आणि नवव्या पेनल्टीला मेहताब आला. गुरप्रीतने ती अडवली. त्यानंतर संदेश झिंगनने गोल केला आणि आपला मोसम तिथेच संपला.

एकाच रात्री ज्याने वाचवले त्याच्याच पायातून हरलो. त्या वर्षीच्या कोणत्याही पुरस्कारात त्याचे नाव नव्हते, ते समजण्यासारखे आहे. पण चौदा महिन्यांनी सॉल्ट लेकवर हाच मेहताब निर्धास्तपणे उभा होता. अशी रात्र अंगावर घेऊन पुन्हा त्याच ताकदीने उभे राहण्याला काहीतरी नाव असायला हवे.

अंधेरीकर

आकडेमोड, आपला आक्षेप मी दोनदा वाचला आणि त्यातला तिसरा मुद्दा मला मान्य करावा लागतो. १५ एप्रिल मी टाळला होता, कारण तो अजूनही दुखतो. त्या रात्रीचे दोन्ही गोल मागच्या फळीच्या खात्यात घालावे लागतील आणि कर्णधार म्हणून भेकेच्या खात्यात सर्वांत आधी.

परंतु मी त्या दोन तारखा एकत्र ठेवून पाहतो. तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, मधे एकोणीस दिवस. शील्ड गेलेल्या संघाने त्या एकोणीस दिवसांत फातोर्ड्यावर २-० ची पिछाडी पुसली, अंधेरीत गोव्याला २-० असे हरवून एकही गोल खाल्ला नाही, आणि पुन्हा सॉल्ट लेकवर जाऊन पिछाडीवरून चषक जिंकला. प्रशिक्षक पेत्र क्रात्की मोसमाच्या मध्यावर आले होते, डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डला निघून गेले होते, ग्रेग स्ट्युअर्ट जानेवारीत गेला होता. इतकी पडझड झालेल्या संघाला एकत्र बांधून ठेवणारा कुणीतरी कपडे बदलण्याच्या खोलीत असावा लागतो. तो भेके होता असे मी समजतो, आणि हे आकड्याने सिद्ध करता येणार नाही, हेही कबूल करतो.

मोजमापाबद्दल एवढेच सांगतो की कोल्हापूरच्या मैदानावर बॅकचा मान ठरवणारे लोक यंत्र घेऊन बसलेले नसतात. ते सामना पाहतात आणि आपसात बोलून नाव ठरवतात. लीगने प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाला आणि कर्णधाराला विचारावे की तुमच्याविरुद्ध खेळताना सर्वांत अवघड बचावपटू कोण वाटला, आणि आपल्या संघाचे नाव देण्यास मनाई करावी. ज्यांना त्याच्या अंगावर धावून जावे लागते, त्यांचे मत कुठल्याही तक्त्यापेक्षा खरे असते. ग्लव्हमध्ये सगळ्यांचा वाटा आहे हे बरोबर, पण वाटा असणे आणि नाव पुकारले जाणे यांत फरक आहे.

आकडेमोड

प्रशिक्षक आणि कर्णधारांच्या मताची पद्धत मला पटते. त्यात निकष स्पष्ट आहे आणि तो पडताळता येतो. तसा रकाना झाला तर माझा विरोध राहणार नाही.

आणि १२ मार्च २०२३ ची रात्र मी विसरलो होतो, असे ठाण्याहून यांनी समजू नये. मी त्या वेळी बंगळुरूतच होतो.

निळा झेंडा

एक अवघड गोष्ट कुणीतरी बोलायला हवी. भेके आता आपला राहिलेला नाही. तो बेंगळुरूला परत गेला, पेरेरा दियाझ आणि गोव्यानंतर आपल्याकडे आलेला नोगुएराही तिकडेच गेले, आणि कोल्हापूरकरांचा अपुइया मोहन बागानकडे गेला. ज्या खेळाडूंना आपण इथे मान देत आहोत, त्यांतले निम्मे सप्टेंबरात आपल्याविरुद्ध उतरणार आहेत. आपल्या स्टँडमधल्या माझ्या काही मित्रांचे म्हणणे आहे की गेलेल्या माणसाचे गोडवे गाऊ नयेत. मला ते पटत नाही, पण त्यांचे दुःख मला कळते.

कोल्हापूरचा हाफ

आमच्याकडेही खेळाडू एका तालमीतून दुसऱ्या तालमीत जातात आणि त्यावरून घराघरांत अबोला होतो. माझ्या सख्ख्या मामांनी १९९० च्या सुमारास तालीम बदलली, तेव्हा आजोबा त्यांच्याशी पूर्ण एक मोसम बोलले नाहीत. पण तालमीच्या भिंतीवर लावलेला जुन्या विजेत्या संघाचा फोटो कुणी उतरवला नाही. मामा त्या फोटोत मागच्या रांगेत डावीकडून तिसरे उभे आहेत, आणि आजही तिथेच आहेत.

मडगावकर

मंदार राव देसाई आमच्याकडून तुमच्याकडे आला, तेव्हा फातोर्ड्यावर आम्ही हाच वाद घातला होता. गोव्याच्या मुलाने गोवा सोडून मुंबईला जावे, हे अनेकांना सहन झाले नाही. आज तो कुठेही दिसला तरी माझा हात आपोआप टाळीसाठी वर जातो. आमच्या डाव्या बाजूने त्याने इतकी वर्षे धावून घाम गाळला, तो कुणी परत घेऊन जाऊ शकत नाही.

ठाण्याहून

मग एक ठरवूया का? बेंगळुरूचा संघ अंधेरीला येईल तेव्हा सामना सुरू होण्यापूर्वी, पाहुण्या संघाची नावे पुकारली जात असताना, भेकेच्या नावाला आपण सगळ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवायच्या. शिट्टी वाजल्यावर नेहमीसारखे आपल्या संघाच्या मागे उभे राहायचे. महासंघ आणि लीग रकाना देईल तेव्हा देईल.

अंधेरीकर

मला मान्य आहे. त्याबरोबर एक फलकही असावा असे वाटते. नाव मराठीत लिहू, कारण अंधेरीच्या त्या मैदानावर मराठी नाव असलेला कर्णधार आपण रोज पाहिलेला नाही. "राहुल भेके, कर्णधार, २०२४" एवढेच पुरे, त्यात आणखी शब्द नकोत. मेहताब आपल्याकडेच आहे, त्याचा फलक पहिल्या घरच्या सामन्याला लावू. अमेय आणि अपुइया यांचे सामने येतील तसे पाहू.

निळा झेंडा

मांजरपाट मी आणतो. बारा हात पुरेल, आपल्या स्टँडच्या कठड्याची लांबी मी मागच्या वर्षी मोजली आहे. निळा रंग घरी अर्धा डबा शिल्लक आहे, पांढरा कुणीतरी आणावा. आदल्या रविवारी सकाळी नऊ वाजता आझाद नगर मेट्रोच्या खाली भेटू, म्हणजे रंग वाळायला वेळ मिळेल.

आकडेमोड

पांढरा रंग आणि दोन रुंद ब्रश माझ्याकडे आहेत. मी येतो.